काळ्या मातीत स्विमिंग पूल बांधताना

अमेरिकेत टेक्सासमधल्या डॅलसच्या उत्तरेकडच्या उपनगरांत घर घेताना लोक शाळा बघतात, ऑफिसचं अंतर बघतात. मातीची चौकशी सहसा कोणी करत नाही. मागच्या अंगणात पूल बांधायचा असेल, तर मात्र सुरुवात मातीपासूनच करावी लागते.

रेड रिव्हरच्या दक्षिणेपासून डॅलस, वॅको, ऑस्टिन करत सॅन अँटोनिओपर्यंत काळ्या चिकणमातीचा एक लांबलचक पट्टा आहे. त्याला ब्लॅकलँड प्रेअरी म्हणतात. इथल्या मातीच्या एका प्रकाराचं नाव ह्यूस्टन ब्लॅक, आणि ती टेक्सासची राज्य-माती मानली जाते. आपल्याकडच्या काळ्या कापसाच्या जमिनीच्याच जातकुळीतली. शास्त्रज्ञ दोन्हींना व्हर्टिसॉल या एकाच गटात घालतात, आणि इथेही पूर्वी मैलोन् मैल कापूसच होता. त्यामुळे विदर्भ-मराठवाड्यातल्या वाचकांना तिचा स्वभाव समजावून सांगायला नको. पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते, आणि हात आत जाईल एवढ्या भेगा पडतात. २०११ मध्ये डॅलसला तब्बल ७१ दिवस पारा १०० फॅरनहाइटला, म्हणजे सुमारे ३८ सेल्सियसला किंवा त्याच्या पुढे होता. अशा उन्हाळ्यात इथले लोक घराच्या पायाभोवती झिरपणारे पाइप टाकून पायाला पाणी देतात. नवीन आलेल्याला हे विचित्र वाटतं, पण त्यामागचं कारण पक्कं आहे: मातीतला ओलावा सारखा राहिला की घर हलत नाही.

आम्ही पूलचा विषय काढला तेव्हा बाबांनी फोनवर विचारलं, "एवढ्या पाण्याच्या वजनाने जमीन खचणार नाही का?" प्रश्न रास्त आहे, पण हिशेब उलटा निघतो. एक घनमीटर पाणी १,००० किलो. तेवढीच ओली चिकणमाती १,८०० ते २,००० किलो. म्हणजे खड्ड्यातून जेवढं वजन आपण काढतो, त्यापेक्षा भरलेला पूल कॉंक्रीट धरूनही हलकाच असतो. चिकणमातीवरचं ओझं कमी झालं की ती वर यायला बघते, आणि पाणी मिळालं की जोराने फुगते. तेव्हा इथे खरी भीती खालून वर येणाऱ्या रेट्याची असते, आणि तो रेटा सगळीकडे सारखा नसतो. एका कोपऱ्याला छपराचं पाणी पडतं, दुसऱ्या कोपऱ्यावर ओकच्या मुळांनी जमीन कोरडी केलेली असते. पूल तडकतो तो या फरकामुळे.

जमिनीत बांधायच्या पूलचे प्रकार तीन. गनाइट, म्हणजे सळयांच्या जाळीवर दाबाने फवारलेलं कॉंक्रीट. फायबरग्लास, म्हणजे कारखान्यात बनलेलं एकसंध कवच, ट्रकवरून येतं आणि क्रेनने खड्ड्यात उतरवतात. आणि विनाइल लायनर, म्हणजे स्टीलच्या किंवा पॉलिमरच्या भिंती उभारून आत ताणलेलं प्लास्टिकचं अस्तर.

विनाइल सगळ्यात स्वस्त पडतो. अस्तर लवचीक असल्यामुळे जमिनीची थोडी हालचाल ते सहन करतं. पण फुगलेली माती भिंतींना आत ढकलू शकते, आणि खाली पाणी साचलं की अस्तर तळापासून सुटून वर तरंगतं. शिवाय साधारण दहा वर्षांच्या आसपास ते बदलावं लागतं. काळ्या मातीसाठी हा प्रकार मी तरी सुचवणार नाही.

फायबरग्लासची बाजू भक्कम आहे. कवच न तुटता थोडं वाकतं, आणि माती हललीच तर ते एकसंधच हलतं. मात्र विकणारे बहुतेक वेळ कवचाबद्दलच बोलतात. त्याच्याभोवतीच्या भरावाबद्दल आपणच विचारावं लागतं. खणून काढलेली माती परत भरायची नाही. वाळू भिजली की सरकते, म्हणून धुतलेली बारीक खडी हवी. इथे एक मोठी मेख आहे. आजूबाजूची चिकणमाती पाणी जिरू देत नाही, त्यामुळे खडीने भरलेला खड्डा पावसात हौदासारखा भरतो आणि ते पाणी तिथेच बसून राहतं. ते तळाशी आणि बाजूंच्या मातीला सावकाश फुगवतं. पूल कधी रिकामा केला, तर तेच पाणी हलक्या कवचाला उचलून वर आणतं. म्हणून खड्ड्याच्या तळापर्यंत जाणारा एक उभा पाइप बसवून घ्यायचाच. त्यात डोकावून पाण्याची पातळी बघता येते आणि गरज पडली तर पंप सोडून पाणी उपसता येतं. एवढ्या साध्या पाइपवर पूलचं आयुष्य अवलंबून असतं, हे मला या सगळ्या प्रकरणात सर्वांत महत्त्वाचं वाटलं.

गनाइट कडक. दाबाला भक्कम, ताणाला कच्चा. तो ताण सळयांनी घ्यायचा असतो, म्हणून सळईची जाडी आणि दोन सळयांमधलं अंतर आपल्या जागेच्या मातीनुसार ठरायला हवं. चांगल्या मातीसाठी काढलेला नकाशा काळ्या मातीत चालत नाही. काही जण खाली पाइल, म्हणजे जमिनीत खोल नेलेले खांब, घेतात. पाइल खचण्यापासून वाचवतात, पण फुगणाऱ्या मातीचा वर येणारा जोर त्याने नाहीसा होत नाही. त्यासाठी तळाखालची आणखी काही फूट माती काढून न फुगणारा भराव दाबून बसवणं, किंवा मातीत पाणी वा रसायन सोडून ती आधीच फुगवून स्थिर करणं, असे उपाय आहेत. कोणता करायचा हे बिल्डरवर सोडू नये, ते सॉइल रिपोर्ट वाचणाऱ्या इंजिनिअरने ठरवावं.

सॉइल रिपोर्टसाठी बोअर घेऊन वेगवेगळ्या खोलीवरचे नमुने तपासतात. त्यात प्लॅस्टिसिटी इंडेक्स नावाचा आकडा असतो. तो ३५ च्या वर गेला की माती फार फुगणारी समजायची. माती किती इंच वर येऊ शकते याचाही अंदाज त्यात असतो. अमेरिकन कृषी खात्याचा वेब सॉइल सर्व्हे मोफत आहे, पत्ता टाकला की त्या भागातली माती दिसते. सुरुवातीला तो जरूर बघा, पण वसाहत वसवताना बाहेरची माती आणून टाकलेली असू शकते, म्हणून बोअरला पर्याय नाही. पूलच्या एकूण खर्चापुढे हा खर्च किरकोळ आहे. "इथे आम्ही कित्येक पूल बांधलेत, टेस्टची गरज नाही" असं एका बिल्डरने आम्हाला ऐकवलं. त्याचं कोटेशन आम्ही बाजूला ठेवलं.

आम्ही गनाइट निवडला. आमच्या घराच्या मागून विजेच्या तारा जातात, शेजारच्या घराला लागून जेमतेम वाट आहे. अखंड कवच उतरवणं अवघड होतं. पण त्याहून मोठं कारण असं, की गनाइटमध्ये आमच्या रिपोर्टवरून काढलेलं आणि इंजिनिअरने सही केलेलं डिझाइन आम्हाला हातात मिळणार होतं. ज्यांच्याकडे क्रेनला जागा आहे आणि खडी, पाइप, पाण्याचा निचरा नीट करून देणारा बिल्डर आहे, त्यांनी फायबरग्लासला बिचकू नये.

कोणताही प्रकार घेतला तरी पूलच्या काठाचा आणि डेकचा, म्हणजे पूलभोवतीच्या फरसबंदीचा, संबंध तोडून ठेवावा लागतो. डेकचा स्लॅब पातळ, हलका. माती फुगली की तो आधी उचलला जातो आणि काठाला ढकलतो. मग वरच्या टाइल सुटतात, आणि लोकांना वाटतं पूलच फुटला. दोघांमध्ये वरपासून खालपर्यंत मोकळा सांधा हवा, त्यात रबरासारखं लवचीक सीलंट भरायचं आणि ते कडक झालं की बदलायचं. डेकचा उतार पूलपासून दूर, छपराच्या पन्हाळीचं पाणी पाइपने थेट रस्त्याकडे. जमिनीतल्या पाइपलाइनवर दाब देऊन गळती तपासल्याशिवाय कॉंक्रीटने झाकू द्यायची नाही, कारण बारीक गळती एकाच जागची माती वर्षभर फुगवत राहते. खोदाईच्या आधी ८११ ला फोन करायचा; गॅस, वीज, केबलवाले येऊन आपापल्या लाइनवर मोफत खुणा करून जातात.

आमची खोदाई पावसाळी वसंत संपल्यावर ठेवली आहे. खड्डा फार दिवस उघडा ठेवायचा नाही, उन्हाने तळ तडकू द्यायचा नाही आणि पावसाने भिजू द्यायचा नाही, हे करारात लिहून घेतलं आहे.