परतवारी

पंढरपूरला गेलेली पालखी पायीच परतही येते, हे वारी न केलेल्या बऱ्याच जणांना ठाऊक नसते. आषाढी एकादशी झाली, पौर्णिमेला गोपाळपूरचा काला झाला, की माउलींच्या पादुका पुन्हा आळंदीची वाट धरतात. जाताना ज्या रस्त्यावर लाखोंचा समुदाय मावत नाही, त्याच रस्त्यावर येताना मोजके वारकरी उरतात, आणि जे सुमारे २५० किलोमीटरचे अंतर जाताना अडीच आठवडे घेते, ते परतताना साधारण दहा दिवसांत चालायचे असते. नोकरीत असताना माझी रजा एकादशीपुरतीच असे. द्वादशीचे पारणे फेडून मी एसटीने घरी येत असे. परतवारी सुरू झाली ती निवृत्तीनंतर, आणि आज ६८व्या वर्षी मला असे वाटते की म्हातारपणाविषयी जे काही मला उमगले आहे, ते बहुतेक या परतीच्या वाटेवरच उमगले आहे.

जाताना पायांना फारसे विचारावे लागत नाही. एकादशीचा उपवास असतानाही दिवे घाट चढून जातो, कारण पुढच्या ओळीतला टाळ थांबत नाही आणि मागचा पखवाज थांबू देत नाही. चांदोबाच्या लिंबाला उभे रिंगण झाले की दिवसभराचा शीण विसरायला होतो. गावोगावी लोक हाताला धरून जेवायला बसवतात. परतताना यातले काहीच नसते. रिंगण नाही, कमानी नाहीत. मजल मोठी असल्यामुळे पहाटेच्या अंधारातच निघावे लागते आणि गुडघे काय म्हणतात ते स्पष्ट ऐकू येते. मात्र जाताना जी शेते पेरणीची वाट पाहत असतात, त्यांपैकी कित्येकांत आता पीक वीतभर वर आलेले दिसते, आणि ते पाहायला सवड असते. माझे वडील, अण्णा, म्हणत, ‘‘जाताना देव ओढतो, येताना आपण चालतो.’’ साठीनंतरचे आयुष्य मला नेमके असेच वाटते. कचेरी, मुलांची शिक्षणे, घराचे हप्ते यांनी जे ओढून नेले ते संपले. आता आपल्या श्वासाला झेपेल ती चाल आपणच ठरवायची.

अण्णांनी सत्तरी उलटेपर्यंत परतवारी केली. मग ती सोडली आणि फक्त जायची वारी ठेवली. पुढे ते सगळ्या पालख्या एकत्र येतात त्या वाखरीला येऊन शेवटचा टप्पा तेवढा आमच्याबरोबर चालत. अखेरच्या वर्षांत ज्येष्ठ वद्य अष्टमीला प्रस्थानापुरते आळंदीला येत आणि वीणामंडपाकडे हात जोडून घरी परतत. अंतर दर खेपेला कमी झाले, नेम मात्र कधीच मोडला नाही. ऐंशी वर्षांचा माणूस सगळी वाट चालला याचे आपल्याला फार कौतुक असते, आणि ते असावेही. परंतु काय सोडायचे आणि काय धरून ठेवायचे हे ज्याला वेळेवर कळले, त्याचे म्हातारपण मला अधिक मोठे वाटते. समाजआरतीच्या वेळी चोपदारांनी चोप उंचावला की सारा तळ शांत होतो, आणि ज्या दिंडीचे काही गाऱ्हाणे असेल तीच टाळ वाजवत राहते. चोपदार तिथे जाऊन ते ऐकून घेतात. घरातल्या वृद्धांना आपले गाऱ्हाणे असे उघडपणे सांगता आले आणि कुणी ते थांबून ऐकले, तर कितीतरी घरे सुखी होतील.

राहता राहिला वारशाचा प्रश्न. देहूचा पालखी सोहळा तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी १६८५मध्ये सुरू केला, म्हणजे तिथे वारसा रक्ताचा आहे. माउलींना आणि त्यांच्या भावंडांना पुढे वंशच नव्हता. आज आपण पाहतो तो आळंदीचा सोहळा आकाराला आणला तो आरफळच्या हैबतबाबांनी, माउलींच्या समाधीनंतर पाच शतके उलटल्यावर. त्यांचे माउलींशी नाते होते ते केवळ भक्तीचे. दोन्ही पालख्या आजही तितक्याच निष्ठेने चालतात. आमच्या दिंडीची वीणा अण्णांकडे होती. त्यांच्यानंतर ती माझ्याकडे न येता गावातल्या एका तरुणाकडे गेली, कारण त्याचा आवाज चांगला आहे आणि तो रात्रीच्या जागराला झोपत नाही. मला त्यात काही वावगे वाटले नाही. माझ्याकडे आले ते अण्णांचे टाळ, दोरी बदलून बदलून वापरलेले.

ते टाळ पुढे कुणाचे, हे ठरवून टाकावे म्हणून यंदा मी मुलाला जवळ बसवले आणि सांगितले, ‘‘हे तुझ्यावर ओझे म्हणून ठेवून जाणार नाही. तुला चालायचे नसेल तर दिंडीत जो चालेल त्याला देईन.’’ तो दर वर्षी दिवे घाटापुरता येतो, त्यापुढे कधी आलेला नाही. थोडा वेळ थांबून तो म्हणाला, ‘‘बाबा, टाळांचे नंतर बघू. परतीच्या वाटेवरच्या दोन मजला तुमच्याबरोबर चालायच्या तर रजा कोणत्या तिथीपासून टाकू?’’ मी पंचांग काढले आणि आम्ही पौर्णिमेपासून पुढचे दिवस मोजायला बसलो.