हरेगावच्या वाटेवर

आमच्या गंगापूर भागातून श्रीरामपूरजवळच्या हरेगावला पायी जाणं नवीन नाही. १९४९ पासून तिथे मतमाउलीची, म्हणजे येशूची आई मरिया हिची यात्रा भरते. मरियामातेचा जन्मदिवस ८ सप्टेंबरचा, त्याच्या आसपासचा शनिवार-रविवार. संधिवात जडल्यानंतर मी मात्र पहिल्यांदाच पायी निघाले होते, तेही एकच मागणं घेऊन: आई, हे दुखणं घालव.

कायगाव टोक्याला गोदावरीचा पूल ओलांडेपर्यंत पायांनी साथ दिली. प्रवरासंगमच्या पुढे गुडघे सुजले. नेवाशात एका ओट्यावर बसून पट्टे घट्ट आवळले आणि टाकळीभानच्या रस्त्याला लागलो. दोन्ही अंगांना ऊस, पावसाने उखडलेलं डांबर.

शुक्रवार होता, म्हणून जपमाळेत दुःखाची रहस्यं, म्हणजे येशूच्या दुःखसहनाचे पाच प्रसंग, एकेक आठवत प्रार्थना म्हणायची. पुढे चालणाऱ्या एक म्हाताऱ्या मावशी प्रत्येक रहस्याआधी विचारायच्या, "हे कुणासाठी?" कुणी अंथरुणाला खिळलेल्या बापाचं नाव सांगे, कुणी काम सुटलेल्या मुलाचं. चौथं रहस्य आलं, येशू क्रूस वाहतो. मावशी माझ्याकडे वळल्या.

"माझ्याच गुडघ्यांसाठी, मावशी."

"माग की पोरी. पण ते दुखतायत, ते दुखणं कुणासाठी देवाला देतेस?"

मला कुरेनेकर शिमोन आठवला. शेतावरून येत होता, शिपायांनी येशूचा क्रूस वाहायला वेठीस धरला. क्रूस त्याने मागितला नव्हता. शुभवर्तमान लिहिणारा मार्क त्याच्या मुलांचीही नावं लिहितो, आलेक्सांद्र आणि रूफ, जणू वाचणाऱ्यांच्या ओळखीतलीच. वेठीचंच ओझं, पण त्याखाली तो येशूच्या जितका जवळ होता, तितके पळून गेलेले शिष्य नव्हते.

"देव परीक्षा घेतोय," असं भेटायला येणारे सांगतात. मला ते कधीच पटलं नाही. येशूने कुणाला आजार दिला नाही. आजारी बरे केले, मित्र लाजर याच्या कबरेकडे जाताना तो रडला. आणि तरीही, तीनदा देवाला विनवूनही प्रेषित पौलाच्या शरीरातला काटा, म्हणजे त्याला छळणारं दुखणं, निघाला नाही. 'माझी कृपा तुला पुरे आहे,' एवढंच उत्तर मिळालं. मी दोन्ही धरून आहे. दुखणं देवाला हवं असतं असं नाही, पण त्याच्या हाती दिलेलं तो वाया जाऊ देत नाही.

मावशींच्या सुनेचं डायलिसिस चालू होतं. "मग हे तुमच्या सुनेसाठी," मी म्हटलं. 'नमो मरिये, कृपापूर्णे' सुरू झालं. गुडघा ठणकला की तिचं नाव घ्यायचं आणि पाऊल टाकायचं. ठणका तसाच होता, पण हरेगाव फाटा येईतो माझं मन गुडघ्यातून उठून तिच्या उशाशी जाऊन बसलं होतं.

मतमाउलीपुढे आधी तिच्यासाठी मागितलं, मग बरं होण्याचंही. क्रूसावर जाण्याच्या आदल्या रात्री गेथशेमाने बागेत येशूनेही दुःखाचा प्याला टळावा म्हणून विनवलंच होतं.

गोळ्या चालू आहेत. सकाळी बोटं आखडून डब्याचं झाकण निघत नाही, तेव्हा मावशींना फोन लावते आणि विचारते, सुनेचं डायलिसिस आज आहे का.