आमची वाटचाल : कोल्हापुरातला फंक बँड

आमची फर्म म्हणजे पाच वाजवणारे, एक साऊंडवाला आणि कार्यक्रमाच्या दिवशी भाड्यानं आणलेला छोटा हत्ती. चाळीस-पन्नास खुर्च्या मावतील एवढ्या जागेत आम्ही फंक वाजवतो, म्हणजे ठेका आणि बेसवर उभं असलेलं अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांचं नाचरं संगीत. कधी कॅफेचा वरचा हॉल, कधी कुणाची गच्ची. बेस गिटार माझ्याकडं, हिशेबही माझ्याकडं. आधी मी ऑर्केस्ट्रात होतो, गणपतीत बेंजो पार्टीबरोबरही वाजवलंय. "हे इथं कोण ऐकणार?" असं लाईनमधल्या बऱ्याच जणांनी सुनावलं. त्यांना आपलंच गाव कळलं नव्हतं. खासबागेत कुस्तीची हलगी ऐकत वाढलेल्या माणसाला ताल समजावून सांगावा लागत नाही. फंकची सुरुवात करणारा अमेरिकन गायक जेम्स ब्राउन, त्यानं १९६० च्या दशकात अख्खा बँड पहिल्या मात्रेवर आणून बांधला आणि मधली जागा मोकळी सोडली. देवल क्लबात शास्त्रीय गाण्याच्या मैफली ऐकणारे एक आजोबा आमच्या पहिल्या कार्यक्रमाला आले होते. ते बरोब्बर त्याच मात्रेवर हाताची दाद देत होते.

पहिला कार्यक्रम दिला तो राजारामपुरीतल्या कॅफेच्या दादांनी. वरचा हॉल नुसता पडून होता. भाडं किती म्हणून विचारलं तर म्हणाले, "तू वाजीव. लाईटबिल माझ्याकडं लागलं."

साऊंड अण्णांचा. ते आमचे पहिले भागीदार, जुने ऑर्केस्ट्राचे साऊंडवाले. बेसचा पंधरा इंची स्पीकरचा बॉक्स त्यांनी स्वतः उभं राहून सुताराकडून करून घेतला. प्लाय कुठला, आत कापूस किती, मागचं भोक केवढं, सगळं त्यांनी ठरवलं. फंकमध्ये बेसची तार नुसती छेडून बऱ्याचदा भागत नाही, अंगठ्यानं ठोकावी लागते. ही पद्धत रूढ करणारा अमेरिकन बेसवाला लॅरी ग्रॅहम आईबरोबर वाजवायचा. त्यांच्याकडं ड्रमर उरला नाही, तेव्हा त्यानं अंगठ्याच्या ठोक्यानं बेस ड्रमची आणि बोटानं ओढलेल्या तारेनं स्नेअरची (कडक वाजणाऱ्या छोट्या ड्रमची) जागा भरून काढली. तो ठोका लाकडातून कसा यायला पाहिजे, हे अण्णांना कानानं कळायचं.

ऑगस्ट २०१९ चा पूर सगळ्यांना माहीत आहे. राजाराम बंधाऱ्याजवळ पंचगंगेची धोका पातळी ४३ फूट, पाणी गेलं ५५ फुटांच्या वर. आमची प्रॅक्टिसची खोली शाहूपुरीत तळमजल्यावर. २००५ ला पाणी त्या उंबऱ्याला लागलं नव्हतं, म्हणून शेजारीपाजारीही निर्धास्त होते. पाणी उतरल्यावर दार उघडेना, आतून ड्रमचा बॉक्स आडवा पडला होता. अण्णांचा बेसचा बॉक्स फुगून त्याच्या प्लायचे पदर सुटले होते. स्पीकरचा कागदी कोन बोट लावला की तुटत होता. साऊंडच्या मिक्सरचे फेडर, म्हणजे आवाज कमीजास्त करायच्या सरकपट्ट्या, गाळानं घट्ट बसलेले. अण्णांनी एकेक फेडर उघडून स्वच्छ पाण्यानं धुतला, मग आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसला. तरी निम्मे चॅनेल गेले ते गेलेच. झांजा तेवढ्या वाचल्या. काशाच्या धातूला पुराचं काय, धुतल्या आणि वाजायला लागल्या.

पुराचा राग नाही. राग आहे तो आमच्याच लाईनमधल्या एकाचा. त्याचं नाव लिहीत नाही, कोल्हापुरात ते लिहावंही लागत नाही. आम्ही चिखल उपसत होतो तेव्हा हा आमच्या प्रत्येक जागी फिरला. "त्यांचा बँड बंद पडला, आता मी आहे," असं सांगत. लॅपटॉपवर ट्रॅक, पुढं दोन गायक, बाहेर बोर्ड मात्र 'लाईव्ह फंक नाईट'. पैसे आमच्या निम्मे. निम्मेच होणार, ड्रमरला द्यायचे नाहीत, बेसवाल्याला द्यायचे नाहीत, टेम्पो नाही. आमचा कीबोर्डवाला पोरगाही त्यानं उचलला. ज्या मालकांना आम्ही तीन-तीन तास आधी जाऊन साऊंड लावून दिला होता, त्यांनी आम्हाला एक फोनसुद्धा केला नाही. आज ते भेटले की हसून बोलतात. मीही बोलतो, पण विसरलेलो नाही.

तो दादांकडंही गेला होता. दादांनी त्याला चहा पाजून परत पाठवलं आणि संध्याकाळी माझ्या हातात पुढच्या कार्यक्रमांचे पैसे आगाऊ ठेवले. "वाजवून फेड." त्या पैशातून मिक्सर आला. बॉक्स अण्णांनी पुन्हा त्याच सुताराकडून केला, तसाच. मग मार्च २०२० ला सगळंच थांबलं, पण तेव्हा निदान सामान कोरडं होतं. जुलै २०२१ ला पाणी पुन्हा आलं, तोवर आम्ही पहिल्या मजल्यावर गेलो होतो. पुढची वर्षं बरी गेली.

नवीन पोरं विचारायला येतात, त्यांना सांगतो तेच इथं लिहितो. लहान हॉलमध्ये बेसचा बॉक्स जमिनीवर ठेवू नका, क्रेटवर चढवा. बेसची सगळ्यात खालची तार ४१ हर्ट्झची, तिची लाट जवळपास २७ फुटांची. वीस फुटी खोलीत ती कोपऱ्यात साठते आणि नुसतं घुमतं. मिक्सरवर खालचा आवाज थोडा कापला की अंगठ्याचा ठोका मोकळा होतो. मिक्सर आणि कॉफी मशीन एका बोर्डावर लावू नका. हम (स्पीकरमधली घूंघूं) येतो म्हणून अर्थिंगची पिन तर कधीच तोडू नका, गाणाऱ्याचा ओठ माइकला लागलेला असतो, शॉक त्यालाच बसायचा. आणि जेवणावर वाजवू नका. एकदा वाजवलं की मालक पुढच्या पोरांनाही जेवणच देतो.

सध्या महिन्याला एक कार्यक्रम दादांकडं पक्का. दहाला लाऊडस्पीकर बंद करायचा कायदा आहे, म्हणून आम्ही साडेसातला सुरू करतो आणि पावणेदहाला आवरतो. मागच्या दिवाळीपासून हलगी, घुमकं आणि कैताळ वाजवणारी तीन पोरं आमच्यात बसतात. हलगीला माइक लागत नाही, उलट तिच्यासाठी ड्रमरला हात आवरता घ्यावा लागतो. दोघांचं जमायला वेळ लागला, आता जमलंय. त्या तिघांचं मानधन आमच्याइतकंच ठेवलंय. अण्णा अजून मिक्सरवर आहेत.