कॅसेटमधला दांडिया बाजार

बडोद्याला जाणारे आमच्याकडचे लोक लक्ष्मी विलास पॅलेस बघतात, फार तर सयाजीबाग, मी मात्र मागच्या महिन्यात बोरिवलीहून रात्रीची गाडी पकडली ती एका कॅसेटसाठी. बिग स्टारची कॅसेट. अमेरिकेतल्या मेम्फिसचा हा बँड, १९७१ मध्ये सुरू झाला आणि तीन-चार वर्षांत संपला पण, आणि मी गेली वीस वर्षं भेटेल त्याला सांगत आलोय की बाबांनो हे ऐका, ह्यांच्यासारखी गिटार कुणाची ऐकली नाहीये मी. मित्राच्या काकांकडे त्यांची कॅसेट आहे आणि ती १९७९ पासून आहे हे एका लग्नाच्या पंगतीत कळलं, मग काय राहवेना.

पहाटे उतरलो. शेव-उसळ खाल्ली, वरून तिखट तरी मारून, आणि सूरसागरच्या कडेनं चालत दांडिया बाजारात. काय छान वाटतं तिथं, गुजराती पाट्यांच्या मधेच जोशी, कुलकर्णी, पवार अशी नावं दारांवर, खिडकीतून मराठी भांडण ऐकू येतंय. काकांचं घर जुनं, लाकडी जिन्याचं. "ये ये, आधी चहा घे, कॅसेट कुठं पळून जात नाही," म्हणाले.

काका इथल्या फाइन आर्ट्स कॉलेजचे, पेंटिंग केलेलं. त्यांच्या वर्गातल्या एकाचा भाऊ अमेरिकेत होता, तो सुट्टीत येताना बिग स्टारच्या दुसऱ्या अल्बमची, 'रेडिओ सिटी'ची एलपी घेऊन आला. काकांनी आधी कव्हर बघितलं, गाणी नंतर. लालभडक छत, मधे एक उघडा बल्ब, त्याच्याकडे येणाऱ्या पांढऱ्या वायरी, बस. विल्यम एगल्स्टननं १९७३ मध्ये काढलेला हा फोटो आता जगातली म्युझियमवाली मंडळी डोक्यावर घेतात, पण तेव्हा काकांना फोटोग्राफरचं नाव पण माहीत नव्हतं. "त्या लाल रंगानं मला झोपू दिलं नाही रे." एलपी एका दिवसाच्या बोलीवर मिळालेली. रेकॉर्ड प्लेअर घरात होता, टेपरेकॉर्डर शेजारच्यांचा आणला, स्पीकरसमोर ठेवला आणि रेकॉर्डचं बटण दाबलं. कॅसेटच्या कागदावर ते लाल छत खडूनं काढलेलं अजून तसंच आहे, बल्बचा पिवळा तेवढा उडालाय.

आता ह्या रेकॉर्डची मूळ गोष्ट सांगतो, कारण ती मला अजून टोचते. बँडचं नाव घेतलं एका किराणा दुकानांच्या साखळीवरून, १९७२ च्या पहिल्या अल्बमचं नाव ठेवलं 'नंबर वन रेकॉर्ड', समीक्षक खूश, आणि माल दुकानात पोचलाच नाही! त्यांची रेकॉर्ड कंपनी आर्डेंट, वितरण स्टॅक्स कंपनीकडे, स्टॅक्सनं पुढे वितरणासाठी कोलंबिया कंपनीशी करार केला आणि त्या गोंधळात लोक दुकानात जाऊन मागतायत तर रेकॉर्डच नाही. दहा हजार पण खपल्या नाहीत. बँडमधला ख्रिस बेल खचून बाहेर पडला. बाकी तिघांनी, अ‍ॅलेक्स चिल्टन, अँडी हमेल, जोडी स्टीफन्स, १९७४ ला 'रेडिओ सिटी' केला आणि पुन्हा तेच, विकायला आहेच कुठं. बेल १९७८ च्या डिसेंबरमध्ये कार अपघातात गेला, वय २७. म्हणजे काका इकडे बटण दाबत होते तेव्हा तो नव्हताच.

मेम्फिसमध्ये जी रेकॉर्ड लोकांना मिळेना ती दांडिया बाजारात एक माणूस रोज संध्याकाळी ऐकत होता. मला हे कितीही वेळा म्हटलं तरी भरून येतं.

मग काकांनी लावली. खरखर, पंख्याचा आवाज, खालून सायकलची घंटी, आणि त्यातून ती गिटार. दुसऱ्या बाजूला 'सप्टेंबर गर्ल्स' लागलं, सोलो संपतो न संपतो तोच कॅसेटमधूनच एक बाईचा आवाज आला, "अरे, चहा निवतोय!" मी काकांकडे बघितलं. "आई," म्हणाले. १९८६ ला गेल्या त्या. घरात त्यांचा आवाज असलेली एवढी एकच वस्तू आहे.

२०१० च्या मार्चमध्ये चिल्टन गेला ते काकांना पेपरातून नाही, भाच्याकडून कळलं, त्या रात्री त्यांनी दोन्ही बाजू सलग लावल्या आणि काकू शेजारी बसून राहिल्या. त्यांना इंग्रजी गाणी आवडत नाहीत. तरी बसल्या.

दुपारी फाइन आर्ट्सला चक्कर मारली, कीर्ती मंदिरात नंदलाल बोसांची भित्तिचित्रं बघितली, छान आहेत, पण खरं सांगतो लक्ष माडीवरच होतं. संध्याकाळी परत जाऊन अजून एकदा ऐकली.

घरी आल्यावर दुसऱ्या दिवशी गाडीत माझ्याकडचं स्वच्छ 'सप्टेंबर गर्ल्स' लावलं. सोलो संपला आणि मी त्या आवाजाची वाट बघत राहिलो.