गीझरची वायर

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घराच्या बाथरूमचं काम "पूर्ण" झालं म्हणून कंत्राटदार आज शेवटचा हप्ता मागायला आला. बिलात गीझरसाठी 4 स्क्वेअर एमएमची जाड वायर. सासूबाई म्हणाल्या, बोर्ड उघडून दाखव. वायरच्या अंगावरच छापलेलं असतं हो, निघाली 1.5, म्हणजे बरीच बारीक! 2 किलोवॅटचा गीझर जवळपास 9 अँपिअर ओढतो, आणि ही वायर भिंतीत गाडलेली. तर कंत्राटदार म्हणे, "चिंता ना करो बेन, बधा आ ज नाखे छे." म्हणजे काळजी करू नका ताई, सगळे हीच घालतात.

मग वॉटरप्रूफिंग. टाइल्स बसवण्याआधी पाणी भरून निदान 24 तास ठेवायचं, खालच्या छताला ओल येते का बघायचं, असं ठरलं होतं. "केलं ना!" कधी? तर आम्ही लग्नाला जळगावला गेलो होतो तेव्हा. कुलूप आमचं, किल्ली आमच्या पर्समध्ये, आणि पाणी बहुतेक स्वतःच आत गेलं असावं.

हप्ता थांबवलाय. आधी वायर बदल, पाण्याची चाचणी आमच्यासमोर कर, मग पैसे. माणूस बोलायला इतका गोड की चहा पिऊनच गेला. सासूबाईंनी सोबत बिस्किटं मात्र ठेवली नाहीत. आमच्याकडे हे फार मोठं पाऊल आहे.