नोटरीच्या गळ्यात पडलेला कारखाना

पॅरिसच्या पूर्व स्थानकातून सुटलेली वेगवान गाडी दीड तासात नान्सीला पोचते. इथले लोक आधी प्लास स्तानिस्लासची सोनेरी जाळीची फाटकं दाखवतात, आणि ती खरोखर देखणी आहेत. पण मी आले होते ती त्याच चौकातल्या कलासंग्रहालयाचं तळघर बघायला. तिथे नान्सीच्या दोम या काच कारखानदार घराण्याची काच ठेवली आहे.

पायऱ्या उतरून गेलं की उजेड एकदम कमी होतो. शहराच्या जुन्या तटबंदीचे दगड तसेच ठेवलेत आणि त्यांच्या अंधारात शेकडो फुलदाण्या, वाडगे, दिवे आतून पेटल्यासारखे दिसतात. मी बराच वेळ कुठलीच पाटी वाचली नाही.

या काचेची सुरुवात मात्र कलेतून झालेली नाही. झाँ दोम हा पूर्व फ्रान्समधल्या लॉरेन प्रांतातल्या बीच या छोट्या गावचा नोटरी. १८७०-७१च्या युद्धात फ्रान्स हरला, अल्सासचा बहुतेक आणि लॉरेनचा काही भाग जर्मनीकडे गेला आणि त्यात बीचही गेलं. तिथल्या लोकांपुढे प्रश्न होता : जर्मन होऊन घरी राहायचं, की फ्रेंच राहून घर सोडायचं? झाँने कामधंदा विकला आणि बायकामुलांसह सरहद्दीच्या अलीकडे, नान्सीला बिऱ्हाड केलं. तिथल्या एका काच कारखान्याला त्याने पैसे उसने दिले. कारखाना डबघाईला आला, आणि १८७८ मध्ये बुडालेल्या पैशांच्या बदल्यात तो झाँच्याच गळ्यात पडला. पन्नाशी ओलांडलेला, कायद्याची कागदपत्रं करण्यात आयुष्य गेलेला माणूस. काचेतलं त्याला काही कळत नव्हतं.

कारखान्यात तेव्हा घड्याळाच्या काचा आणि पाणी-दारूचे साधे पेले होत. मोठा मुलगा ऑग्युस्त वकिलीचं शिक्षण घेऊन मदतीला आला. १८८५ मध्ये झाँ वारला. त्यानंतर दोन वर्षांनी धाकटा आंतोनँ पॅरिसहून इंजिनिअर होऊन परतला. एकाने हिशेब सांभाळला, दुसऱ्याने भट्टी. त्याच गावात एमील गालेच्या काचेचा बोलबाला होता. १८८९च्या पॅरिस प्रदर्शनात गालेने मिळवलेलं यश पाहून दोम बंधूंनीही १८९१च्या सुमारास कलाकाचेचा वेगळा विभाग काढला. १९००च्या पॅरिस जागतिक प्रदर्शनात गाले आणि दोम, दोघांनाही सर्वोच्च पारितोषिक मिळालं. पुढच्याच वर्षी नान्सीच्या कारागिरांची संघटना उभी राहिली, तेव्हा गाले अध्यक्ष झाला आणि आंतोनँ उपाध्यक्षांपैकी एक. ज्याच्याशी स्पर्धा, त्याच्याच शेजारी बसून गावाच्या कलेचा विचार करणारी ही माणसं मला फार मोठी वाटतात.

तळघरात मी सगळ्यात जास्त थांबले ती पावसाच्या फुलदाणीपाशी. वाऱ्याने वाकलेली झाडं आणि त्यांच्यावरून तिरक्या, बारीक रेघांनी कोसळणारी झड. हे काम असं होतं : फुंकनळीवरचा तापलेला काचेचा गोळा रंगीत काचेच्या भुकटीवर लोळवायचा, की रंगाचे थर एकजीव होतात. गार झाल्यावर जो भाग राखायचा त्यावर लेप द्यायचा आणि भांडं आम्लात बुडवायचं. उघडा राहिलेला थर आम्ल खातं, लेपाखालचं चित्र उठून येतं. मग बारीक चाकावर कोरणं, मुलामा देणं, रंगवणं. एका भांड्यावर अनेक हात फिरत. आम्लाची वाफ फुप्फुसं जाळणारी, आणि त्या हातांची नावं बहुतेक भांड्यांवर नाहीत.

दुसरं राहून राहून दिसत होतं ते काटेरी फूल, आपल्या उंटकटारीची आठवण करून देणारं. ते नान्सीचं जुनं चिन्ह. डिवचाल तर टोचेन, असा त्याचा अर्थ. सरहद्द गावापासून थोड्याच अंतरावर येऊन थांबलेली असताना फुलदाणीवर तेच फूल पुन्हा पुन्हा काढणं ही नुसती नक्षी नव्हती.

पुढच्या पिढीत ऑग्युस्तचा मुलगा पॉल याने १९२०च्या दशकात फुलापानांना निरोप देऊन जाड काच आणि खोल भौमितिक कोरीवकाम आणलं. १९४४ मध्ये नाझींच्या कैदेत त्याचा अंत झाला. युद्धानंतर कारखाना पारदर्शक स्फटिककाचेकडे वळला. १९६०च्या दशकात याच घराण्यातल्या झाक दोमने साच्यात काचेचे दाणे भरून ते वितळवायची जुनी रीत पुन्हा सुरू केली आणि स्पॅनिश चित्रकार साल्वादोर दालीसारख्या कलावंतांना बोलावलं. आज कंपनी घराण्याकडे नाही, पण नाव चालू आहे.

दुसरी फेरी मी फक्त सह्या शोधत मारली. कुठे बुडाशी, कुठे पानांच्या आड, बारीक अक्षरांत : दोम, नान्सी. मधोमध दोन आडव्या दांड्यांचा लॉरेनचा क्रूस. १९१८ मध्ये बीच परत फ्रान्सकडे आलं. झाँ आणि ऑग्युस्त ते पाहायला राहिले नव्हते, आंतोनँ होता. सहीतलं गाव मात्र त्यानंतरही नान्सीच राहिलं.