राणी बसली का?

२०१३ च्या मे महिन्यात दापोलीजवळच्या आमच्या काजूच्या बागेत सातेरी जातीच्या मधमाशांच्या सहा पेट्या आल्या. गणपतीपर्यंत दोन उरल्या. आमच्या मधपेट्यांच्या धंद्याची ही सुरुवात.

पावसाच्या तोंडावर पेट्या घेणं हीच पहिली चूक. कोकणात पाऊस धरून लागला की माशांना बाहेर पडता येत नाही, आणि साखरेचा पाक दिला नाही तर सातेरी सरळ पेटी सोडून जाते. दोन तशा गेल्या. दोन मुंग्यांनी खाल्ल्या; स्टँडच्या पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवतात हे विकणाऱ्याने सांगितलं नाही आणि आम्हीही विचारलं नाही.

पुढे पुण्याच्या केंद्रीय मधमाशी संशोधन व प्रशिक्षण संस्थेत शिकून आलो, एका पेटीच्या दोन करायला लागलो आणि अडलो ते राणीपाशी. राणी नसलेल्या अर्ध्या पेटीला नवी राणी जाळीच्या छोट्या पिंजऱ्यातून द्यायची आणि उत्साहाने रोज झाकण उघडायचं. एकदा तळाच्या फळीवर सुपारीएवढा माशांचा गोळा दिसला. फोडला तर आत राणी, मेलेली. बिथरलेल्या माशा नव्या राणीलाच घेरून मारतात. सासूबाई म्हणाल्या, "नवी सून आली की शेजारणी दहादा डोकावतात, तसं चाललंय तुमचं. बसू दे की तिला."

आता तिसऱ्या दिवशी फक्त पिंजरा बघतो. माशा जाळीला चिकटून चावत असतील, बोटाने सारल्या तरी हटत नसतील, तर राणी अजून परकी. सैल फिरत असतील, जाळीतून जीभ घालून तिला भरवत असतील, तर पिंजऱ्याच्या तोंडाशी पिठीसाखर-मधाचा गोळा लावायचा. तो खाऊन त्याच तिला मोकळी करतात. मग आठवडाभर पेटीला हात नाही. दारावर पायांना पराग लावून येणाऱ्या माशा तेवढ्या बघायच्या.

आठवड्यानंतर फ्रेम, म्हणजे पोळं असलेली चौकट, काढून ऊन पाठीवरून आत पडेल अशी धरायची. राणी शोधत बसत नाही. पोळ्यातल्या घराच्या तळाला मधोमध उभं, दोऱ्याच्या तुकड्यासारखं पांढरं अंडं दिसलं की पुरे: तीन दिवसांत अंड्याची अळी होते, म्हणजे परवापर्यंत तरी राणी होतीच. नवखी राणी कधी एका घरात दोन घालते, त्याला घाबरू नये. पण भिंतींना चिकटलेली तीन-चार अंडी म्हणजे राणी गेली, कामकरी माशाच अंडी घालतायत.

खरा निकाल अळ्यांच्या घरांवर माशा मेणाची झाकणं लावतात त्यांवर. सलग, सपाट झाकणं म्हणजे कामकरी. सगळीकडे उंचवटे आणि टोकाला बारीक भोक, म्हणजे नुसते नर. राणीचं मीलनच झालेलं नाही. त्यासाठी पावसात ती उडणार कशी? म्हणून जून ते सप्टेंबर आम्ही एका पेटीच्या दोन करत नाही.

ही मेणाची झाकणं पाहिल्याशिवाय पेटी विकत नाही, त्यावरून गिऱ्हाइकं चिडतात. गुहागरच्या एका बागायतदारांना नारळीच्या वाडीसाठी आठ हव्यात. पाच तयार आहेत. उरलेल्या तिघींत काल अंडी दिसली. अजून आठ-नऊ दिवस थांबा, असं त्यांना कळवलंय.